जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यातून चांगले फोटो कसे काढावेत

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या डब्यातून आमचा जुना कॅमेरा खाली आला. कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस, २००८ सालचा. ठेवताना सेल काढून ठेवले होते म्हणून आत गंज चढला नव्हता. नवे सेल घातले, बटण दाबलं आणि भिंग पुढे आलं. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या भाचीने तो लगेच मागून घेतला. पहिल्या आठवड्यात तिने काढलेले निम्मे फोटो हललेले होते आणि उरलेल्यांत चेहरे फटफटीत पांढरे. तिला वाटलं, कॅमेरा बिघडलाय. तो ठणठणीत होता, फक्त डायल 'ऑटो'वर होती.

असे कॅमेरे अजून पुष्कळ घरांत आहेत. कंपनी आणि मॉडेल वेगळं असलं तरी बटणांची नावं आणि वागणूक बरीचशी सारखीच असते. म्हणून भाचीला जे दाखवलं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो तुकडा, जेमतेम ५.८ × ४.३ मिलिमीटरचा आहे. करंगळीच्या नखाहूनही लहान. मोठ्या फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळात सुमारे पस्तीसपट. एवढ्याशा तुकड्यावर उजेड कमीच गोळा होतो. उजेड अपुरा पडला की ऑटोतला कॅमेरा फ्लॅश मारतो, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवतो किंवा शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, जास्त वेळ उघडी ठेवतो, आणि यातलं काय करायचं ते तुम्हाला विचारत नाही. हे निर्णय त्याच्या हातून आपल्या हातात घ्यायचे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

सेल आणि कार्ड

या कॅमेऱ्याला दोन पेन्सिल सेल लागतात. दुकानातले सर्वांत स्वस्त सेल घालू नका. फ्लॅश आणि भिंगाची मोटर एकदम जो करंट ओढतात तो त्यांना झेपत नाही आणि चार फोटोंनंतर पडद्यावर सेल संपल्याची खूण येते. अल्कलाइन चालतात, पण रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल सर्वांत बरे. त्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. त्याने घाबरू नका, जड कामात तेच जास्त टिकतात.

कार्ड घेताना नीट पाहा. २००८ च्या सुमाराचे बहुतेक कॅमेरे साधं एसडी (२ जीबीपर्यंत) आणि एसडीएचसी (४ ते ३२ जीबी) कार्ड वाचतात. ६४ जीबीचं एसडीएक्ससी कार्ड २००९ नंतरचं, ते यात चालेल असं धरू नका. त्याहून जुन्या कॅमेऱ्यांना तर २ जीबीच्या पुढचं काहीच ओळखता येत नाही. ८ जीबीचं कार्ड मिळालं तर तेवढं पुरेसं आहे, हजारभर फोटो आरामात बसतात. नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कार्डात काही जपायचं असेल तर मात्र आधी संगणकावर उतरवून घ्या.

एकदाच लावायच्या गोष्टी

मेनूत जाऊन तारीख-वेळ बरोबर करा, नाहीतर पुढे फोटो लावताना गोंधळ होतो. कॅमेरा दर वेळी तारीख विसरत असेल तर आतला छोटा बटण सेल संपलाय, घड्याळवाल्याकडे तसाच मिळतो. फोटोचा आकार सर्वांत मोठा, म्हणजे 'एल' ठेवा आणि दर्जा सर्वांत वरचा. ए५९० मध्ये एल म्हणजे ३२६४ × २४४८ पिक्सेल, ८ मेगापिक्सेल. यातून ८ × १० इंचांचा प्रिंट अगदी स्वच्छ निघतो, तेव्हा मोबाइलच्या मेगापिक्सेलशी तुलना करत बसू नका.

डिजिटल झूम बंद करा. भिंग खरं सरकतं तोच झूम, इथे चारपट. त्यापुढे कॅमेरा चित्राचा मधला भाग कापून फुगवतो. ते काम घरी संगणकावरही होतं. हात हलण्याची भरपाई करणारी आयएसची सोय मात्र चालू ठेवा.

अर्धं बटण

मोबाइलवर शिकलेली बोटं इथे चुकतात. तिथे टिचकी मारली की फोटो, इथे बटण दोन टप्प्यांत दाबायचं असतं. अर्धं दाबलं की कॅमेरा अंतर जुळवतो आणि उजेड मोजतो. हिरवी खूण आली, 'बीप' झालं की मग उरलेलं अर्धं. सरळ पूर्ण दाबलं तर ही सगळी कामं त्याच क्षणी होतात, तोवर मूल हसून झालेलं असतं.

याचा खरा फायदा पुढे आहे. माणूस चौकटीच्या कडेला हवा असेल तर आधी त्याला मध्ये धरून अर्धं दाबा, बोट तसंच ठेवून कॅमेरा सरकवा, मग पूर्ण दाबा. आणि वाट पाहायची असेल, लेझीममध्ये हात वर जाण्याची किंवा दहीहंडी फुटण्याची, तर आधीच अर्धं दाबून थांबा. क्षण आला की फोटो जवळपास लगेच निघतो. भाचीला मी एक पूर्ण दिवस फक्त हेच करायला लावलं.

डोळ्याने बघायची काचेची खिडकी या कॅमेऱ्याला आहे. उन्हात पडदा दिसत नाही तेव्हा ती वापरा. कॅमेरा कपाळाला टेकला की हातही स्थिर राहतो. शेजारचा दिवा केशरी लुकलुकला तर उजेड कमी आहे, फोटो हलेल, असा तो इशारा असतो.

डायल 'पी'वर, आयएसओ आपल्या हातात

आता डायल ऑटोवरून 'पी'वर न्या. यात शटर आणि भिंगाचं छिद्र कॅमेराच ठरवतो, पण फ्लॅश, आयएसओ आणि उजेडाची कमी-जास्त तुमच्याकडे येते. रोजच्या फोटोंसाठी मी दुसरीकडे क्वचितच जातो.

आयएसओ उन्हात ८०, ढगाळ दिवशी २००, घरात ४००. ८०० नाइलाज असेल तरच, आणि १६०० विसरून जा. तिथे केसांचा आणि कापडाचा सगळा पोत पुसला जातो आणि रंगीत रवा उधळल्यासारखा दिसतो.

शटर किती वेगाचं हवं? झूम न करता १/४० सेकंद, पूर्ण झूमवर १/१२५ च्या आसपास. आयएस चालू असेल तर याहून हळू शटरही हातात धरून जमतं. पण आयएस तुमच्या हाताचं हलणं सावरतं, समोरच्याचं नाही. पळणारं पोर १/३० ला हललेलंच येणार. आणखी एक अडचण झूमची. भिंगाचं छिद्र 'एफ'च्या आकड्यात मोजतात, आकडा लहान तितकं छिद्र मोठं. झूम न करता भिंग एफ २.६ पर्यंत उघडतं, पूर्ण झूमवर मात्र फक्त एफ ५.५. म्हणजे आत येणारा उजेड जवळजवळ पावपट होतो. घरात म्हणूनच झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.

± ची खूण

एकच सेटिंग शिकायचं असेल तर हे शिका. ± काही कॅमेऱ्यांवर बटणावर असतं, काहींवर मधलं 'फंक सेट' दाबल्यावर दिसतं.

कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून उजेड ठरवतो. बहुतेक वेळा ते जमतं. पण वारीत पांढरे सदरे, धोतरं, टोप्या यांनीच चौकट भरलेली असते. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो, आणि पांढराशुभ्र समुदाय मळकट दिसतो. तिथे +२/३ किंवा +१ करा. उलट वेरूळच्या कैलास लेण्यासमोर, काळ्या बसाल्टच्या सावलीत, कॅमेरा दगड उजळवायला जातो. दगडाचा काळेपणा जातो आणि वरचं आकाश पांढरं होऊन फाटतं. तिथे –२/३ ठेवा. पांढऱ्यासाठी अधिक आणि काळ्यासाठी उणे, हे ऐकायला उलटं वाटतं, पण दोन फोटो काढून पाहिले की पटतं.

खिडकीपाशी बसलेल्या आजीचा फोटो काढताना मागचा उजेड मोठा असतो, चेहरा काळवंडतो. +१ करा. खिडकी पांढरी होईल, होऊ द्या, फोटो आजीचा आहे. सूर्यास्ताला –१ केलं की रंग गडद उतरतात. एवढ्याशा सेन्सरवर एकदा पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर परत आणता येत नाही, म्हणून आकाश महत्त्वाचं असेल तेव्हा कमीकडे झुका. आणि काम झालं की आकडा शून्यावर आणा. हे सगळेच विसरतात, मग पुढचे वीस फोटो वाया जातात.

फ्लॅश कधी, कधी नाही

विजेच्या खुणेचं बटण दाबून फ्लॅश बंद करा आणि तीच सवय ठेवा. हा फ्लॅश दोन-तीन मीटरपर्यंत पोचतो. सभागृहात मागच्या रांगेतून मारला तर पुढच्या लोकांच्या टाळक्यांवर प्रकाश पडतो आणि रंगमंच काळा राहतो. पावसात मारला तर भिंगासमोरचे थेंब उजळून फोटोभर पांढरी वर्तुळं येतात. समईच्या उजेडातली आरती तर तो पार मारून टाकतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदीच आहे. तिथे झूम न करता आयएसओ ४००, कोपर बरगड्यांना टेकवून, श्वास सोडता सोडता हळूच दाबा. एकाच चौकटीचे चार-पाच फोटो घ्या, एक तरी स्थिर निघतो.

फ्लॅश कामाचा कुठे? भर दुपारी. बारा वाजताच्या उन्हात डोळ्यांखाली आणि टोपीखाली काळी सावली पडते, तेव्हा दीड-दोन मीटरवरून फ्लॅश मुद्दाम चालू करून काढा, चेहरा उजळतो. दुसरी जागा रात्रीच्या रोषणाईपुढे उभा माणूस. 'स्लो सिंक्रो' लावा, फ्लॅश माणसाला पकडतो आणि शटर जास्त वेळ उघडं राहून मागचे आकाशकंदील टिपतं. समोरच्याला सांगून ठेवा की फ्लॅश पडल्यावरही क्षणभर हलू नकोस.

रंगांबद्दल थोडंसं. उन्हात 'ऑटो' ठीक. ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवट आले तर व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याच्या सेटिंगमध्ये, ट्यूबची खूण निवडा. समई-पणत्यांचा पिवळेपणा हवा असेल तर उन्हाची खूण ठेवा.

जवळचे फोटो

फुलाच्या खुणेचं मॅक्रो बटण दाबलं की भिंगापासून काही सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट येते, पण झूम न करता. या बाबतीत लहान सेन्सर चक्क फायद्याचा. मोठ्या कॅमेऱ्यात फुलाची एकच पाकळी स्पष्ट येते, इथे अख्खं फूल येतं. कास पठारावरच्या, दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी रोपासारख्या इवल्या वनस्पती यातून छान मिळतात. कॅमेऱ्याची सावली फुलावर पडणार नाही एवढं पाहा, वाटेवरूनच काढा, आणि एका फुलासाठी चार तुडवू नका.

हीच गोष्ट माणसांच्या फोटोत आड येते. मागचं धूसर हवं असेल तर पूर्ण झूम, माणूस जवळ, आणि मागची भिंत शक्य तितकी लांब. तरी मोबाइलच्या पोर्ट्रेटइतकं धूसर होणार नाही.

धबधबा आणि दिवाळी

'टीव्ही' म्हणजे शटर तुमचं, 'एव्ही' म्हणजे छिद्र तुमचं, 'एम' म्हणजे दोन्ही. एव्ही या कॅमेऱ्यात फारसं हाताशी येत नाही. एफ ८ ला प्रकाश छिद्राच्या कडांवर पसरून चित्र उलट मऊ होतं, एफ ४ च्या आसपास सर्वांत कडक दिसतं.

टीव्हीची मजा धबधब्याला. पाणी दुधासारखं वाहतं दाखवायला १/४ सेकंद तरी हवं. पण आयएसओ ८० आणि एफ ८ ला भर उन्हात शटर १/३२० च्या आसपास जातं, त्याहून खूप हळू केलं तर फोटो पांढरा. म्हणून सह्याद्रीत दाट ढगांत, झाडीच्या सावलीत, संध्याकाळी प्रयत्न करा. कॅमेरा दगडावर ठेवा आणि दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्का बसत नाही. आकडे लाल झाले तर उजेड अजून जास्त आहे, थोडं थांबा.

पणत्यांसाठीही तेच. पुस्तकांच्या चळतीवर कॅमेरा, आयएसओ ८०, फ्लॅश बंद, टायमर. पहिल्या फोटोत ज्योती पांढऱ्या ठिपक्यांसारख्या आल्या तर ± उणे १.

आकाशातल्या फटाक्यांसाठी 'एम'. आयएसओ ८०, छिद्र एफ ५.६, शटर ३ सेकंद, फोकस हाताने अनंतावर. कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर पक्का टेकवा, पट्टा मनगटात ठेवा. टायमर नको, बाण वर जाताना हळूच दाबा. शटर मिटल्यावर कॅमेरा साधारण तेवढाच वेळ गप्प राहतो, कारण तो लांब फोटोतला दाणेदारपणा काढत असतो. त्या वेळी बंद करू नका, सेल काढू नका, फोटो कार्डावर उतरू द्या. पुढचा बाण तोवर हुकेल, त्याच्या पुढच्याला तयार राहा.