व्हेनिसच्या जलदृश्यांची प्रतिकृती करताना या चुका टाळा

अठराव्या शतकातील व्हेनिसच्या जलदृश्यांच्या प्रतिकृतींची सर्वाधिक हानी होते ती वॉर्निशच्या पिवळेपणालाच इटलीचा सोनेरी प्रकाश समजल्यामुळे. नैसर्गिक राळेचे वॉर्निश काळाबरोबर पिवळे पडते, आणि त्याखालचे निळे आकाश हिरवट दिसू लागते. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने व्हेनिसचा चित्रकार कॅनालेटो (१६९७–१७६८) याच्या चित्राची प्रतिकृती जुन्या छापील प्रतीवरून केली आणि शेवटी ‘वातावरण आणण्यासाठी’ सबंध कॅनव्हासवर यलो ऑकरचा (मातकट पिवळ्या रंगाचा) पातळ थर फिरवला. आकाश शेवाळी झाले, सावल्यांतील थंडावा गेला. तो परत आणण्यासाठी त्याने पांढरा रंग मिसळत नेला, तेव्हा चित्र खडूसारखे निर्जीव झाले आणि अखेर सगळे खरवडावे लागले. वास्तविक १७३०च्या दशकातील कॅनालेटोचा प्रकाश स्वच्छ आहे: अस्तर (चित्राखालचा पहिला थर) फिकट, आकाशात प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग, आणि ऊब मुख्यतः उन्हातल्या भिंतींवर. मी प्रतिकृतीला हात घालण्यापूर्वी मूळ चित्राच्या प्रतीत सावलीतील पांढरे कापड पाहतो. तेही पिवळे असेल, तर स्वच्छ केलेल्या चित्राची प्रत शोधतो. सगळ्यावर एकच रंग फिरवून एकसंधता आणण्याची पळवाट मला मान्य नाही.

पाण्याकडेही असेच दुर्लक्ष होते. कॅनालेटोच्या उत्तरकाळातील लाटांच्या ठरावीक पांढऱ्या वळशांची नक्कल नवशिके सर्वांत आधी करतात, कारण ती सोपी असते. पण त्यांनी त्या वळशांखालचे पाणीच रंगवलेले नसते. पायाजवळच्या पाण्यात त्याचा स्वतःचा हिरवा रंग दिसतो, दूरच्या पाण्यात आकाश. उजळ भिंतीचे प्रतिबिंब भिंतीपेक्षा किंचित गडद असते, तर काळ्या गोंडोलाचे किंचित फिकट. मी आकाश संपताच त्याच पॅलेटवरून पाणी रंगवतो आणि लाटा अगदी शेवटी काढतो.

उन्हाची दिशा तपासा. सान मार्को चौकाजवळचा मोलो हा धक्का दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि सालूते चर्चचे दर्शनी अंग उत्तरेकडे, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी भर उन्हात असू शकत नाहीत.

घाईचे विद्यार्थी रेखाटन टाळण्यासाठी व्हेनिसच्याच, सैल हाताने रंगवणाऱ्या ग्वार्दी या चित्रकाराकडे (१७१२–१७९३) वळतात आणि धुके म्हणून दूरच्या इमारतींवर पांढरा थापतात. धुक्यात आधी गडद छटा उजळतात, मग कडा विरतात. म्हणून दूरच्या सान जॉर्जो बेटावरील चर्चची सावली प्रथम निळसर राखाडी करावी आणि उजेडाला जवळजवळ हात लावू नये.