फॅन्सी सूत शिकायचंय? आधी ते उलगडा

फॅन्सी (मुद्दाम फुगे, गाठी काढलेल्या) आणि कव्हर्ड (गाभ्यावर दुसरा धागा गुंडाळलेल्या) सुतांच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सुरुवातीला एवढंच सांगते: नावं पाठ करणं नंतर, आधी सूत हाताने उलगडायला शिका. बुक्ले (फुग्यांचं सूत), गिंप, स्नार्ल, नॉप अशी सुतांच्या प्रकारांची यादी लांबत जाते, पण यातल्या बऱ्याच सुतांची बांधणी तीन धाग्यांची असते. गाभा ताण सोसतो, इफेक्टचा धागा नजरेत भरतो आणि बाइंडर त्याला जागेवर धरून ठेवतो.

बुक्लेचा अर्ध्या मीटरचा तुकडा ट्विस्ट टेस्टरवर (सुताचा पीळ उलगडून मोजणाऱ्या यंत्रावर) लावा. जो धागा शेवटी चढला तो आधी सुटतो, म्हणून बाइंडरच्या पिळाच्या उलट दिशेने फिरवत न्या आणि सुईने तो अलगद बाजूला काढा. खाली उरलेल्या दोन धाग्यांचा पीळ बाइंडरच्या विरुद्ध दिसेल. पहिल्या फेरीत गाभा आणि जास्त लांबी दिलेला इफेक्ट धागा एका दिशेने पिळतात, बाइंडर मात्र उलट दिशेने चढवतात. त्याने पहिला पीळ थोडा सैलावतो आणि इफेक्टच्या जादा लांबीचे फुगे बाहेर येतात. हे भिंगाखाली, काळ्या कागदावर बघितलं की पक्कं डोक्यात बसतं.

आता दोन्ही धागे सोडवून सरळ करा आणि मोजा. गाभा 50 सेंमी आणि इफेक्ट 110 सेंमी भरला, तर ओव्हरफीडचं, म्हणजे गाभ्याच्या तुलनेत इफेक्टचा धागा किती पट दिला त्याचं, गुणोत्तर 2.2. पण केवळ या आकड्यावरून सुताचं रूप कळत नाही. कमी पिळाचा, ताठ मोहेरचा (अंगोरा शेळीच्या लोकरीचा) धागा गोल लूप देतो. तीव्र पिळाचा, जिवंत (सैल सोडताच वळू पाहणारा) धागा स्वतःभोवतीच वळून स्नार्ल बनवतो. त्यामुळे नोंदीत तंतू आणि पीळ लिहायलाच हवेत.

कव्हर्ड सुतात भूमिती जास्त स्वच्छ दिसते. कागदाच्या नळीवर मळसूत्रासारखी रेघ ओढा आणि नळी उघडा: एका वेढ्याचा काटकोन त्रिकोण समोर येतो. एक बाजू वेढ्याचा परीघ, दुसरी दोन वेढ्यांमधलं अंतर, आणि कर्ण म्हणजे खर्च झालेला धागा. वेढ्याच्या मार्गाचा व्यास 0.3 मिमी आणि मीटरला 500 वेढे असतील, तर कव्हरचा धागा सुमारे 10.5 टक्के जास्त लागतो. वेढे 1000 केले की हाच आकडा 37 टक्क्यांवर जातो! वेढे दुप्पट, पण जादा धागा साडेतीन पट. हे गणित एकदा स्वतः करून बघाच, मला तरी ते करूनच कळलं.

गाभा इलास्टेनचा (रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याचा) असेल तर आणखी सांभाळा. तो तिप्पट ताणून त्यावर मीटरला 500 वेढे घातले आणि सूत सैल सोडल्यावर गाभा पूर्ण आखडला, तर तेच वेढे मीटरला 1500 होतात. प्रत्यक्षात कव्हरचा धागा आडवा येतो, आखडणं थोडं आधीच थांबतं. डबल कव्हरमध्ये कव्हरचे दोन थर असतात; आतला थर एस, बाहेरचा झेड (पिळाच्या दोन दिशांची नावं) असा विरुद्ध दिशांनी घालतात, म्हणजे सूत वळत नाही. बाहेरच्या थराची त्रिज्या मोठी असल्याने त्याचे वेढे बहुधा कमी ठेवतात. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर वेढ्यांच्या आकड्याशेजारी थर कोणता आणि सूत ताणलेलं होतं की सैल, हे लिहिल्याशिवाय ती पुढे देऊ नका.