खांदा आखडलाय? निदान या चुका तरी करू नका

नागपुरात मे महिन्यात खांदा आखडला की आरोपी ठरलेला. "रात्री कूलरची हवा लागली जी मॅडम." कूलर निर्दोष आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं आणि आक्रसतं. बहुतेकांना चाळिशी ते साठीत, बायकांना जास्त. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर आणखी. म्हणून खांदा धरून कोणी आत आलं की मी आधी शुगर विचारते, नाव नंतर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे झटका. इतवारीतले एक कापड दुकानदार माझ्याकडे आले होते. वरच्या फळीवरचा ताका काढताना हात अर्ध्यात अडकायचा, रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. खांदा नुकता आखडत चालला होता, दुखणं ऐन भरात. या काळात मी फार काही करू देत नाही. टेबलावर चांगला हात टेकवायचा, पुढे वाकायचं आणि दुखरा हात विहिरीतल्या पोहऱ्यासारखा सैल झुलवायचा. दोन मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. "एवढ्यानं काय होते जी?" म्हणाले आणि पंधरा दिवस गायब. मधल्या काळात त्यांनी एक हाड बसवणारा गाठला. त्यानं बगलेत पाय रोवून हात खेचला. परत आले तेव्हा शर्टाची बटणं बायकोनं लावून दिली होती आणि मागच्या खिशातलं पाकीटही हाती येत नव्हतं. मी आधी रागावले, मग चहा मागवला. जिथे होतो तिथे परत यायलाच तीन महिने गेले.

माझा हिशोब साधा आहे. व्यायामानंतरची कळ अर्ध्या तासात शमली तर ठीक. रात्रभर ठणकलं तर उद्या निम्मंच करायचं.

उलट टोकाचे लोक हात झोळीत घालून बसतात. तेही नको.

दुसरी चूक: प्रत्येक दुखऱ्या खांद्याला फ्रोझन म्हणणं. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. फिरत नसेल तर घरातल्या कोणालातरी हलक्या हातानं फिरवून बघू द्या. त्यांनाही जमलं नाही तर फ्रोझनची शंका घ्या. त्यांना सहज जमलं तर दुखणं स्नायूबंधाचं असू शकतं, त्याचे व्यायाम वेगळे. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून "काही नाही" असंही नसतं; हे आवरण एक्स-रेत दिसत नाही. आणि डाव्या खांद्यासोबत छातीत दडपण, घाम असेल तर वाचणं थांबवा, दवाखाना गाठा.

सांध्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीच्या वेदनेला बरं पडतं, पण शुगर काही दिवस वाढते. डॉक्टरांना मधुमेह सांगायला विसरणारे मी पाहिलेत.

"एकवीस दिवसांत मोकळा" असले व्हिडिओ मला पाठवू नका. या दुखण्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव देणाऱ्या कॉडमन या अमेरिकन सर्जननं १९३४ मध्येच लिहिलंय की याची व्याख्या कठीण आणि उपचारही कठीण. एक ते तीन वर्षं धरून चाला. मी भिंतीवर दर रविवारी खडूनं खूण करायला लावते, बोटं पोचतील तिथे. रोज मोजणारे आठवड्यात कंटाळतात.

शर्ट घालताना आधी दुखरा हात, काढताना शेवटी. एवढं मात्र सगळे पहिल्याच दिवशी शिकतात.