गणपतीत सह्या घ्या, दिवाळीनंतर पॅनल चढवा

आमच्या वाडीत सोलरचं पहिलं घर आमचं. त्यामुळे वर्षभर पाखाडी चढून कोणी ना कोणी विचारायला येतं, आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगते. आता एकदाच लिहून काढते. आम्ही गुहागरच्या बाजूचे. समुद्र हाकेच्या अंतरावर, मागे माडा-पोफळीचं आगर, घर चिऱ्याचं, पुढे कौलं आणि मागच्या स्वयंपाकघरावर स्लॅब. किनाऱ्यावर अशी घरं पुष्कळ आहेत. पुण्यातल्या गच्चीसाठी दिलेले सल्ले त्यांना पुरत नाहीत.

योजनेचं नाव ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं अनुदान केंद्र सरकार देतं. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीनला ७८,०००. त्याहून मोठा संच बसवला तरी ७८,००० च. जोडणी मात्र घरगुती हवी.

आता बिल काढा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते बघा. कोकणात खरं काम इथेच आहे.

आमचं बिल आजेसासऱ्यांच्या नावावर येत होतं. त्यांना जाऊन तीस वर्षं होऊन गेली, पण बिल भरलं जात होतं, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. माझा पहिला अर्ज त्यामुळेच अडला. बिलावर नाव एकाचं, आधार नि बँकेचं खातं दुसऱ्याचं, असं चालत नाही. आधी मीटरवरचं नाव बदलायचं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती आणि बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र जमवलं. हिस्सेदार चार घरचे. एक डोंबिवलीला, एक नालासोपाऱ्याला, एक बडोद्याला. फोनवरून हे होत नाही. सगळे एका छपराखाली येतात ते गणपतीला.

म्हणून मी श्रावणातच संमतीपत्र छापून ठेवलं. गौरी जेवल्या, पानं उचलली, आणि पडवीत सगळे बसले असताना विषय काढला. थोरले चुलत सासरे बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, “सूनबाई, आज मीटर तुमच्या नावावर, उद्या घर नाही ना?” त्यांचं विचारणं रास्त होतं. सामाईक घराची भीती प्रत्येकाच्या मनात असते, ती हसण्यावारी नेऊ नका. विजेच्या बिलाने घराची मालकी ठरत नाही, हे त्यांना समजावलं, आणि संमतीपत्रात हाताने ओळ वाढवली : ‘ही संमती फक्त वीजमीटरच्या नावबदलापुरती असून घरातील कोणाच्याही हिश्शाला बाध येत नाही.’ त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि पहिली सही केली. मग बाकीच्यांनी. तुमच्या कागदातही ही ओळ घाला, आणि प्रत्येक घराला एकेक झेरॉक्स द्या.

नाव बदलेपर्यंतच्या दिवसांत वापर बघून घ्या. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. महिन्याला दीडशे युनिटांपर्यंत वापर असेल तर एक ते दोन किलोवॅट, दीडशे ते तीनशे असेल तर दोन ते तीन, असं योजनेत सुचवलं आहे. आमची सरासरी २३० होती. तीन किलोवॅटचा मोह होता. पण मी आधी चार पंखे बदलले. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा तीसच्या आत. दिवसाला बारा तास धरले तर चार पंख्यांत महिन्याला साठाच्या वर युनिट वाचतात. मग दोन किलोवॅट पुरले. अनुदान जास्त मिळतं म्हणून मोठा संच घेऊ नका, वरचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.

एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. माडाची सावली किती फिरते ते डिसेंबरात बघा, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात. पॅनलचं तोंडही दक्षिणेलाच. आम्ही एका माडाच्या सावलीमुळे जागा सहा फूट सरकवली. माड तोडला नाही.

आता खारा वारा. याबद्दल विक्रेता आपणहून बोलत नाही, तुम्हीच विचारा. सांगाडा कारखान्यात गरम जस्तात बुडवून काढलेला हवा, नुसता रंग दिलेला नको. आणि तो वर आणून कापायचा किंवा वेल्डिंग करायचा नाही, कारण कापल्या जागी जस्त उरत नाही आणि गंज तिथूनच धरतो. ओळखीच्या एका घरी दुसऱ्या पावसाळ्यातच बोल्ट लाल झाले होते. आम्ही नट-बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागितले, ३०४ पेक्षा ते खाऱ्या हवेत जास्त टिकतात. पॅनलला खाऱ्या धुक्याच्या चाचणीचं, म्हणजे आयईसी ६१७०१ चं प्रमाणपत्र आहे का ते कागदावर बघा. इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या पेटीची, वॉरंटी समुद्रापासून किती अंतरावर लागू होते, हेही वाचा. आमचा इन्व्हर्टर आतल्या पडवीत आहे, समुद्राकडे पाठ करून.

आणि वादळ. ३ जून २०२० चं निसर्ग आणि पुढच्या मे महिन्यातलं तौक्ते आपण पाहिलं आहे. पॅनल म्हणजे वाऱ्याला धरलेलं शीड. खाली माणूस उभा राहील असा उंच सांगाडा दिसायला छान वाटतो, पण मी तो नको म्हटलं. स्लॅबलगत, बुटका, काँक्रीटच्या ठोकळ्यांत पक्का रोवलेला बरा. अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी सळई) वेगवेगळे घ्या. आपल्या जांभ्यात अर्थिंग सहज लागत नाही, खड्डा किती खोल घेतला ते स्वतः उभं राहून बघा.

एक गोष्ट आधीच कळलेली बरी. साधा, बॅटरी नसलेला संच बाहेरची वीज गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे. पावसात दोन दोन दिवस लाईट जाते तेव्हा दिवे हवे असतील तर बॅटरीचा विचार वेगळा करा. बॅटरीसाठी या योजनेत जादा अनुदान नाही.

अर्ज सोपा आहे. पीएम सूर्यघरच्या सरकारी संकेतस्थळावर मोबाईल क्रमांक आणि बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकायचा. दहा किलोवॅटपर्यंत वेगळ्या तांत्रिक तपासणीसाठी अर्ज अडत नाही. मग तिथल्याच यादीतला नोंदणीकृत विक्रेता निवडायचा. यादीबाहेरच्याकडून बसवलंत तर अनुदान नाही. पॅनलही भारतात बनलेल्या सेलचेच हवेत, बिलावर ‘डीसीआर’ असं लिहून घ्या. कमी भाव सांगणारा बहुतेक वेळा इथेच काटकसर करतो.

पैसे आधी आपण द्यायचे, अनुदान नंतर खात्यात येतं. बँका या योजनेत तारण न घेता कर्जही देतात. आमच्या दोन किलोवॅटना १,३५,००० लागले. त्यातले वीस हजार मी नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, बसेपर्यंत हातात ठेवले, आणि ते करारात आधीच लिहून घेतलं. एरवी पॅनल चढले की माणूस फोन उचलत नाही. मीटर बसला, तपासणी झाली, मी खात्याचा तपशील भरला, आणि तिसऱ्या आठवड्यात ६०,००० जमा झाले.

आता आमचा संच फाल्गुन-चैत्रात दिवसाला आठ-नऊ युनिट देतो, आषाढातल्या मळभात तीन-चार. उरलेले युनिट पुढच्या बिलात जातात, ३१ मार्चला हिशेब होतो आणि तेव्हा शिल्लक राहिलेल्यांना मिळणारा भाव कमी असतो. स्थिर आकार भरावाच लागतो, त्यामुळे बिल शून्य येईल असं घरच्यांना सांगू नका.

सफाई सकाळी, ऊन चढायच्या आत, विहिरीच्या पाण्याने आणि मऊ कापडाने. जानेवारीपासून रस्त्याची तांबडी धूळ बसते तेव्हा दर पंधरवड्याला. पाऊस संपला की पॅनलच्या खालच्या कडेला शेवाळ धरलेलं दिसेल, ते खरवडू नका, भिजवून पुसा. विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करायची असते, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात त्याला बोलवा आणि पाऊस लागायच्या आत एकेक बोल्ट तुमच्यासमोर आवळून घ्या.