नळ-कमोड स्वतः घेताय? मग टाइल्सच्या आधी घ्या

बाथरूमचं सामान आपण शेवटी घ्यायला जातो आणि तिथेच फसतो. भिंतीत गाडला जाणारा डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे वळवायचं ते ठरवणारा भाग, टाइल्स लागण्याआधीच हातात हवा. त्याच्या बॉडीवर किती खोल बसवायचं याच्या खुणा असतात. ती खोली तयार भिंतीपासून, म्हणजे गिलावा, टाइल आणि तिच्यामागचा मसाला धरून मोजायची. नाहीतर वरची प्लेट तरी बसत नाही किंवा हँडलचा दांडा तरी आत बुडतो. बॉडी आणि वरचे भाग शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळे सहसा जुळत नाहीत.

कमोड घेताना रंगरूप नंतर. आउटलेट जमिनीत आहे की भिंतीत, म्हणजे एस-ट्रॅप की पी-ट्रॅप, ते आधी बघा. एस-ट्रॅप असेल तर तयार भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर लिहून दुकानात न्या.

मोठ्या शॉवरचा मोह सगळ्यांनाच होतो, पण टाकी फक्त तीन मीटर वर असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. तेवढ्यात पाऊस पडत नाही, ठिबकतं! पाकिटावरचा किमान दाब वाचा.

टाइल्स लावण्याआधी पाइपलाइनची दाबचाचणी करून घ्या आणि उघड्या पाइपांचे मोजपट्टी धरून फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना तेच उपयोगी पडतात. नळ जोडण्यापूर्वी पाणी मोकळं सोडून वाळू-कचरा काढा. नव्या मिक्सरचं (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाचं) कार्ट्रिज, म्हणजे पाणी कमी-जास्त करणारा आतला भाग, बऱ्याचदा त्यानेच खराब होतं.