माळ्यावरचा पीसी खाली काढताना

माळ्यावरच्या जुन्या पीसीत लिनक्स घालायचं असेल तर मृगाआधी हे काम उरकून घ्या. पाऊस लागला की विजेचा नेम नाही, आणि इन्स्टॉल अर्ध्यात लटकलं की पुन्हा पहिल्यापासून.

आमचा पीसी माळ्यावर, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे तीन पावसाळे पडून होता. झाकण काढलं तर पंख्यात कुंभारमाशीचं घर! तेव्हा प्लग लावण्याआधी आत बघा. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके घासा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ते काळवंडतात, मग स्क्रीन काळीच राहते. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल, म्हणजे घड्याळ चालू ठेवणारी गोल चपटी बॅटरी, नवा घाला. तो मेलेला असला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर एकही साइट धड उघडत नाही. मी अर्धा दिवस राउटरला शिव्या घालत होतो.

प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हे डाउनलोडआधीच बघा. लिनक्सचे बरेच अवतार आहेत, त्यातल्या २०२५ साली आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. रॅम १ जीबी असेल तर गनोम, केडीई या जड डेस्कटॉपच्या वाटेला जाऊ नका. आइसडब्ल्यूएम हा हलका डेस्कटॉप असलेली अँटिएक्स ही लिनक्स बरी. आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून वायफाय, आवाज तपासा. मराठीसाठी लोहित देवनागरी फाँट.

घरात एखादा दणकट लिनक्स लॅपटॉप असेल तर मात्र खरी मजा आहे. स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ ची, एमआयटीतली, आणि नेटवर्क तिच्या हाडातच आहे. प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालतो, खिडकी जुन्या पीसीवर उघडते. नावं मात्र उलटी: समोरच्या स्क्रीनचा कारभार बघतो तो सर्व्हर, आणि लांबचा प्रोग्रॅम क्लायंट. लॅपटॉपवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) सर्व्हर आणि एक्सऑथ (खिडकी उघडायची परवानगी सांभाळणारा प्रोग्रॅम) घाला, एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग, म्हणजे खिडकी दुसरीकडे पाठवणं, चालू करा. मग पीसीवरून एसएसएच ही कमांड द्या, पुढे आडवी रेघ आणि एक्स, तोही कॅपिटल. छोट्या एक्सने हीच सोय बंद होते. लिब्रेऑफिस छान चालतं, व्हिडिओची आशा धरू नका. वायफायपेक्षा लॅनची वायर बरी. ती निसटली तर प्रोग्रॅम तिथेच मरतो, म्हणून सेव्ह करत राहा.

आणि गडगडायला लागलं की पॉवरची वायर सगळेच काढतात, लॅनची विसरतात. तीही काढा.