मुंगळ्यांच्या नव्या संसाराला घरचं वारूळ

पहिला दमदार पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याखाली पंखांचा खच पडतो. त्यातले बहुतेक पंख वाळवीचे असतात. पण एखादी काळी, जाडजूड मुंगी पंख गळालेल्या अवस्थेत भिंतीच्या कडेने धावताना दिसली तर जरा थांबा. मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचं मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. नरांच्या बाबतीत ते खरंच आहे, मीलन झालं की ते फार जगत नाहीत. राणी मात्र पंख स्वतःच काढून टाकते आणि बिळासाठी जागा शोधायला निघते. ती जागा आपण घरी कशी करून द्यायची, ते इथे सांगतो.

आधी ओळख पटवून घ्या. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात, तिला कंबर नसते आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब. राणी आणि मोठी कामकरी मुंगी यांत गल्लत होते तेव्हा पाठ बघायची. राणीची पाठ फुगीर असते, कारण आत पंखांचे स्नायू असतात, आणि पंख गळालेले असले तरी त्यांच्या खुणा दिसतात.

नवख्याने मुंगळाच पाळावा. काही भागांत याला डोंगळा म्हणतात. आकाराने मोठा, त्यामुळे भिंगाशिवाय सगळं दिसतं. चावतो, पण नांगी मारत नाही. शिवाय त्याची राणी पहिली पिल्लं वाढेपर्यंत काही खात नाही. आता पंख नकोत म्हणून त्यांचे स्नायू आणि अंगातली चरबी विरघळवून त्यावरच ती स्वतः जगते आणि अळ्याही पोसते. आग होईल अशी नांगी मारणाऱ्या बारक्या लाल मुंग्यांच्या वाटेला जाऊ नका. आंब्याच्या झाडावरचे हुमलेही नकोत. ते अळ्यांच्या रेशमाने पानं शिवून घर करतात, आपला दगडमातीचा बंगला त्यांच्या काय कामाचा?

आधी नळी, मग घर

घाई इथेच नडते. राणी सापडली की लगेच घर बांधायला बसू नका, पहिले दोन-तीन महिने तिला टेस्ट ट्यूबच पुरते. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात साधारण १५ सेंमी लांब आणि १६ मिमी रुंद नळी मिळते. तिच्यात एक तृतीयांश पाणी भरा. कापसाचा बोळा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पाण्यापर्यंत सरकवत न्या. बोळा ओला झाला पाहिजे, पण पलीकडे थेंबही झिरपता कामा नये. मुंगीला मुताचा पूर ही म्हण इथे शब्दशः खरी होते. बोळा सैल बसला तर रात्रीतून राणी बुडते, म्हणून भरलेली नळी आधी एक दिवस रिकामीच आडवी ठेवून बघा. पलीकडची बाजू कोरडी राहिली तरच राणीला आत सोडा, तोंडाशी दुसरा कोरडा बोळा लावा आणि नळी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवून द्या.

आठवड्यातून एकदाच बघायचं, तेही मिनिटभर. रोज उजेड दाखवला तर घाबरलेली राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. आधी खसखशीच्या दाण्याएवढ्या अंड्यांचा पुंजका दिसेल, मग अळ्या आणि मग फिकट तपकिरी कोश. मुंगळे तोंडात धरून पळवतात आणि आपण ज्यांना मुंगीची अंडी म्हणतो, ते खरे म्हणजे हे कोश. महिना-दीड महिन्यात पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येतात. अर्धपोटी वाढलेल्या असल्यामुळे त्या नेहमीच्या मुंगळ्यांपेक्षा लहान आणि भित्र्या असतात. मग बोळा सरकवून साखरपाण्याचा एक थेंब आणि मेलेल्या डासाएवढं काहीतरी आत टाकायला लागा.

वीस-पंचवीस कामकरी होईपर्यंत नळी सोडायची नाही. हा आकडा मी ठेच खाऊन शिकलो. माझं पहिलं घर म्हणजे विटेएवढा ब्लॉक, नऊ खोल्या, दोन जिने. हौसेने बांधलेला वाडाच. राहायला कोण, तर राणी आणि सात जणी. त्यांनी एका कोपऱ्यात बिऱ्हाड केलं आणि उरलेल्या आठ खोल्या उकिरड्यासाठी वापरल्या. झुरळाचे पाय, कोशांची टरफलं, सगळं तिथेच. एवढ्या मोठ्या जागेत ओलावा सारखा राहत नव्हता, म्हणून मी पाणी वाढवत गेलो. महिनाभरात उकिरड्यावर पांढरी बुरशी चढली आणि वसाहत संपली. छोट्या वसाहतीला अंगालगत बसणारं घर लागतं. सगळ्या जणी पिल्लांसकट एका खोलीत दाटीने मावल्या आणि शेजारी एक-दोन खोल्या मोकळ्या राहिल्या की ते बरोबर मापाचं घर.

ब्लॉक कोरणं

नव्या इमारतीच्या कामावर राखाडी-पांढरे, हातात घेतले की हलके लागणारे ब्लॉक पडलेले असतात. कोणी त्यांना एएसी ब्लॉक म्हणतं, कोणी सिपोरेक्स. मुकादमाला विचारलं की तुटका तुकडा फुकट मिळतो. त्याच्यासारखं साहित्य नाही. ब्लॉकमधली बारीक छिद्रं पाणी शोषून हळूहळू सोडतात, पकड खरबरीत असते आणि घरातल्या पोराटोरांनाही तो कोरता येतो.

हॅक्सॉ ब्लेडने १२ सेंमी लांब, ८ सेंमी रुंद आणि ४ सेंमी जाड तुकडा कापा. वरची बाजू फरशीवर घासून अगदी सपाट करा. काच तिच्यावर टेकल्यावर फट राहिली तर बाकीची सगळी मेहनत वाया. मग तुकडा पाण्यात बुडवा. ओला ब्लॉक मऊ कोरला जातो, आणि धूळ उडत नाही हे जास्त महत्त्वाचं. ती धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून तोंडाला मास्क हवाच.

पेन्सिलीने तीन खोल्या आखा, प्रत्येकी साधारण ३ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद. त्यांना जोडणारी वाट ८ मिमी रुंद. जुना स्क्रू ड्रायव्हर किंवा बारीक पटाशी घेऊन १ सेंमी खोल कोरत जा. ठोकायचं नाही, खरवडायचं. मुंगळ्याला एवढी उंची लागते, कारण कोश आणि अळ्या ते भिंतीशी रचून ठेवतात. लहान जातीच्या मुंग्या असतील तर निम्मंच खोल कोरलं तरी पुरे, उंच छताखाली त्या बिचकतात. शेवटच्या खोलीच्या भिंतीतून आडवं भोक पाडून बाहेर काढा. पारदर्शक नळीचा तुकडा त्यात घट्ट बसला पाहिजे. अक्वेरियमच्या दुकानात मिळणारी १० ते १२ मिमी आतल्या व्यासाची नळी मुंगळ्यांना पुरते.

आता पाण्याची सोय. दाराच्या विरुद्ध टोकाला एक खड्डा कोरा, पण खोलीपर्यंत नेऊ नका, मध्ये दीड सेंमीची भिंत राहू द्या. या खड्ड्यात सिरिंजने पाणी सोडलं की ते भिंतीतून पाझरत जातं. जवळची खोली ओलसर, मधली दमट आणि दाराशी जवळजवळ कोरडी. मग अंडी-अळ्या कुठे ठेवायच्या आणि कोश कुठे, ते मुंग्या आपलं आपण ठरवतात. अळ्या ओलीकडे आणि कोश कोरड्या बाजूला नेताना तुम्हाला दिसतील. ही युक्ती जुनी आहे. शार्ल जाने या फ्रेंच माणसाने १८९० च्या दशकात प्लास्टरची अशी घरं केली होती, एका टोकाला पाणी आणि पुढे ओळीने खोल्या.

कोरून झालं की ब्लॉक दोन दिवस पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, म्हणजे सिमेंट-चुन्याचा क्षार निघून जाईल. नंतर उन्हात खडखडीत वाळवा. काचवाल्याकडून ४ मिमी जाडीची काच मापाने कापून आणा आणि कडा घासून द्यायला सांगा. काच चिकटवू नका, दोन जाड रबर बँड पुरतात. पुढे कधी साफसफाई करायची वेळ आली तर चिकटवलेल्या काचेचा पश्चात्ताप होतो.

पीओपीचं घर दिसायला देखणं होतं, हे कबूल. गणपती झाल्यावर उरलेल्या शाडूच्या खोल्या काचेवर थापायच्या, भोवती पुठ्ठ्याची चौकट लावायची, दोन भाग पावडर आणि एक भाग पाणी ओतायचं आणि घट्ट झाल्यावर शाडू खरवडून काढायचा. पण पावसाळ्यात पीओपी पंधरा दिवस वाळत नाही, बुरशी लवकर धरतो आणि ओला राहिला की मुंगळे तो पोखरतात. माझं मत ब्लॉकच्या बाजूने.

काचेवर लाल जिलेटीन कागद दुहेरी करून लावा. मुंग्यांना लाल रंग फारसा दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी अंधार आणि तुम्हाला मात्र सगळं दिसतं. जॉन लबक या इंग्रज बँकरने एकोणिसाव्या शतकात वारुळावर रंगीत काचा ठेवून हे तपासलं होतं. जांभळ्या काचेखालून मुंग्या पिल्लं उचलून न्यायच्या आणि लालखाली आणून ठेवायच्या. त्याची १८७४ मधली एक राणी १८८८ पर्यंत जगली. तुमचीही जगू शकेल, म्हणून घर जरा नीटच करा.

अंगण आणि परात

खोल्यांत अन्न टाकायचं नसतं, त्यासाठी अंगण लागतं. झाकणाचा पारदर्शक मिठाईचा डबा चालतो. बाजूला भोक पाडून ब्लॉकची नळी जोडा. झाकणात रुपयाएवढं भोक करून त्यावर स्टीलच्या चहागाळणीची जाळी हॉट ग्लूने चिकटवा. कापडी जाळी मुंगळे कुरतडतात. तळाला चमचाभर धुतलेली बारीक वाळू टाका, कोश विणताना अळ्यांना तिचा आधार होतो. डब्याच्या आतल्या कडेला बोटभर रुंदीचा व्हॅसलीनचा अगदी पातळ पट्टा ओढा. टाल्कम पावडर सॅनिटायझरमध्ये कालवून लावायची पद्धतही आहे, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत ती टिकत नाही.

आपल्या मुंग्या बाहेर येतील याची लोकांना धास्ती असते. प्रत्यक्षात धोका उलटा असतो. स्वयंपाकघरातल्या त्या बारक्या मुंग्यांना वास लागला की त्या रांगेने आत घुसतात आणि एका रात्रीत राणीसकट सगळं फस्त करतात. उपाय आजीचाच. दुधाचं पातेलं जसं पाण्याच्या परातीत ठेवायची, तसं ब्लॉक आणि डबा दोन्ही उलट्या वाटीवर मांडून परातीत ठेवा. परातीच्या काठाला भिंत किंवा पडदा टेकू देऊ नका, तोच पूल होतो. ज्या खोलीत डास मारायचं मशीन, कॉइल किंवा फवारा वापरता, तिथे हे अजिबात नको. मुंग्यांच्या खडूबद्दल तर बोलायलाच नको.

गृहप्रवेश

नळीतून मुंग्या झटकून काढू नका. ब्लॉकमध्ये आदल्या दिवशी ५ मिली पाणी घाला आणि वर काळा कागद टाका. नळीचा बोळा काढून ती अंगणात आडवी ठेवा आणि तिचं काळं आवरण काढून घ्या. आता नळीत उजेड, ब्लॉकमध्ये अंधार आणि ओलावा. एखादी धीट कामकरी बाहेर येते, मिशांनी भिंत चाचपत दार शोधते, परत जाते. बराच वेळ काही घडत नाही. मग दुसरी जाते. कधी त्याच रात्री स्थलांतर होतं, कधी आठवडा लागतो. चार दिवसांनीही हलल्या नाहीत तर नळीतलं पाणी आटेपर्यंत थांबायचं, बाकी काही करायचं नाही.

गेल्या वर्षी मी रात्री अकरापर्यंत बसलो होतो. आधी कोश गेले, मग अळ्या. राणी मात्र ओल्या बोळ्याला टेकून बसलेली. शेवटी एका कामकरीने तिच्या जबड्याला धरून ओढायला सुरुवात केली. राणी तिच्या तिप्पट, पण मुकाट्याने पाय टाकत निघाली. दारात फुगीर पोट अडकलं, दोन मिनिटं झटापट झाली, मग आत. तेव्हापासून मी ब्लॉकमधल्या वाटेचं माप ८ मिमीच्या खाली येऊ देत नाही.

पुढची कामं किरकोळ. दर चार-पाच दिवसांनी २ ते ३ मिली पाणी. काचेच्या आत थेंब जमले तर पाणी जास्त झालं, सगळ्या जणी खड्ड्याकडच्या भिंतीला चिकटून बसल्या तर कमी पडलं. आठवड्यातून दोनदा मधाचा पातळ थेंब आणि दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवलेलं झुरळाचं पिल्लू किंवा उकडलेल्या अंड्याचा पांढरा कण. उरलेलं दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढून टाका.

राणी आपल्याच परिसरातली हवी. बाहेरून मागवलेली जात निसटली तर इथल्या मुंग्यांचं काय होईल सांगता येत नाही, आणि कायदाही आडवा येतो. २०२५ मध्ये केनियात दोघा बेल्जियन तरुणांकडे सुमारे ५,००० राण्या सापडल्या. बऱ्याचशा टेस्ट ट्यूबमध्ये, कापसाचे बोळे लावून. दोघांनाही प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंगचा दंड झाला.

आणि तीन खोल्या भरून मुंगळे वाटेत झोपायला लागले की हाच ब्लॉक फोडून मोठा करायचा नाही. दुसरा कोरा आणि अंगणाच्या दुसऱ्या बाजूला नळीने जोडा. दुसरं घर पसंत पडलं तर त्या आपणहून पसरतील, नाही पडलं तर त्याचा उकिरडा होईल.